आधी ऊब, मग दूध

या महिन्याच्या टपालात पाच पत्रं एकाच विषयाची, कुत्र्यांच्या लहान पिल्लांची, निघाली. मला नवल वाटलं नाही. भाद्रपदात माजावर आलेल्या कुत्र्या साधारण त्रेसष्ट दिवसांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात वितात. नेमका तेव्हाच आपल्याकडं कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. फडात, बांधावर, रस्त्याकडेच्या नळ्यांत व्यालेल्या कुत्र्या आणि रात्रभर धावणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या एकाच वेळी. मागं राहतात ती डोळे मिटलेली पिल्लं. म्हणून या वेळी गोचीड, खरूज, मांजरांची पत्रं पुढच्या अंकावर टाकली आहेत. त्या वाचकांनी महिनाभर सांभाळून घ्यावं.

सिस्टर, आमचं गाव पलूस तालुक्यात. सोमवारी आमच्या फडात तोड लागली. शेवटच्या सऱ्यांत कुत्रीची पाच पिल्लं सापडली, डोळे मिटलेली. कुत्री आदल्या रात्री ट्रॉलीखाली गेली होती हे नंतर कळलं. टोळीतल्या एका बाईनं पिल्लं पाटीत घालून घरी आणून दिली. मी म्हशीच्या दुधात निम्मं पाणी घालून कोमट केलं आणि लेकाचं जुनं बोंडलं होतं त्यानं पाजलं. पहिल्या रात्रीच एक गेलं. आता एकाच्या नाकातून दूध येतंय, दोघांना पातळ होतंय. घरातले म्हणतात, आईविना जगत नाहीत, फडात ठेवून ये. माझ्यानं ते होत नाही. काय करू?
(एक वाचकभगिनी, पलूस तालुका)

ताई, तुमचं पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता, कारण अंक छापून येईपर्यंत ही पिल्लं थांबणार नव्हती. फोनवर घाईत बोललेलं सगळं इथं नीट लिहिते, कारण पुढच्या आठवड्यात आणखी कुणाच्या तरी फडात पिल्लं सापडतील.

नाकातून दूध येणारं पिल्लू सगळ्यात आधी. ते दूध श्वासनळीत गेलंय असंच धरा. त्याला त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायला सांगितलं, आणि तुम्ही नेलंत. छातीत दूध गेलं की न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही आणि तो घरगुती उपायानं बरा होत नाही.

आता बोंडल्याविषयी. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या बोंडल्यावर वाढल्या, म्हणून ते हाताशी आलं. पण पिल्लाला ते कधीही लावू नका. बोंडल्यातून दूध ओतलं जातं. पिल्लाला ओतलेलं दूध सांभाळता येत नाही, त्याला फक्त ओढता येतं. जीभ पन्हाळीसारखी वळवून तो जीव स्वतः ओढेल तेवढंच दूध पोटात जातं. बाकीचं कुठं जातं ते तुम्ही नाकाशी पाहिलंत. ड्रॉपरनं थेंब-थेंब घशात सोडणं, कापूस दुधात बुडवून तोंडात पिळणं, हेही तसंच.

पण पहिल्या रात्री जे पिल्लू गेलं, ते मला वाटतं बोंडल्यानं नाही, थंडीनं गेलं. हे मी इतक्या खात्रीनं का म्हणते ते सांगते.

मी मिरजेत एका रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या विभागात एकतीस वर्षं नोकरी केली. गावभागातल्या माझ्या गल्लीत मला अजून सिस्टर याच नावानं हाक मारतात. १९९७ च्या डिसेंबरात रात्रपाळी करून घरी आले, तर कोपऱ्यावरच्या कचराकुंडीशी पिठाच्या पोत्यात चार पिल्लं. हाताला नदीतल्या गोट्यासारखी गार. मी धावत घरात गेले, दूध कोमट केलं आणि ड्रॉपरनं पाजलं. त्यांनी तोंड उघडलं, मला बरं वाटलं. दुपारपर्यंत पोटं फुगली. दिवेलागणीला तीन गेली. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, दूध पोटात होतं तसंच पडून राहिलं. गार पोट पचवत नाही." वॉर्डात कमी वजनाचं बाळ आलं की मी पहिल्यांदा वॉर्मर लावत होते, दुधाचा विचार नंतर. रोज करत होते ते घरी, भुकेनं उघडलेली तोंडं बघून, विसरले. त्या तीन पिल्लांची मला आजही चुटपुट आहे.

तर कारण असं. पहिल्या आठवड्यात पिल्लाला कुडकुडताही येत नाही. अंगात ऊब तयार करायची सोयच नसते, आईची आणि भावंडांची ऊब हीच त्याची ऊब. या आठवड्यात त्याच्या अंगाचं तापमान ९५ ते ९८ अंश फॅरेनहाइट असावं लागतं. मोठ्या कुत्र्यासारखं १०१ वगैरे नसतं, ते चौथ्या आठवड्याकडं येतं. ९४ च्या खाली उतरलं की आतड्यांची हालचाल थांबते. दूध आत नासतं, पोट फुगतं. गिळण्याची ताकदही गेलेली असते, म्हणून तेच दूध छातीत उतरतं. भुकेलं पिल्लू काही तास तग धरतं. गार पिल्लाला पाजलं तर ते आपल्या हातून जातं.

म्हणून पिल्लू सापडलं की दूध तापवायला धावू नका. ते पोटाशी, कपड्यांच्या आत, कातडीला कातडी लावून धरा. वॉर्डात आम्ही आयांना हेच सांगायचो. हळूहळू गरम करा, तास-दोन तास, फारच गार असेल तर तीन. बंबाजवळ, चुलीपुढं किंवा हेअर ड्रायरनं झटकन तापवू नका. कातडी भाजते आणि आतलं अंग गारच राहतं. मग धुतलेली करंगळी त्याच्या तोंडात घाला. तोंड आतून ऊबदार लागलं आणि करंगळी ओढायला लागलं, तर ते दुधाला तयार आहे. तोंड आतून गार असेल, ओढत नसेल, तर दूध नाही. लहान मुलांचा डिजिटल थर्मामीटर घरात असेल तर टोकाला तेल लावून गुदद्वारात जेमतेम एक सेंटीमीटर घालून पाहता येतं. तो थर्मामीटर मग पिल्लांचाच ठेवा.

राहायला द्राक्षाचा रिकामा बॉक्स चांगला, तासगाव-पलूसच्या घरात त्याची वानवा नाही. खाली वर्तमानपत्र, त्यावर जुन्या सुती साडीच्या घड्या. टर्किशच्या टॉवेलाच्या धाग्यांत नखं अडकतात, लोकरीत तर पाय गुरफटतो. ऊब बॉक्सच्या एकाच बाजूला द्यायची, दुसरी बाजू तशीच मोकळी. पिल्लू आंधळं असलं तरी ऊब शोधत सरपटतं आणि उकडलं की बाजूला होतं. त्याला ती निवड पाहिजे. ऊबदार बाजूला पहिल्या आठवड्यात ३० ते ३२ अंश सेल्सिअस, दुसऱ्या-तिसऱ्यात २७-२८, चौथ्यात २४ पुरे. पिवळा चाळीस-साठचा बल्ब उंचावर टांगता येतो. एलईडी बल्बचा यासाठी उपयोग नाही, त्याला ऊब नसते. शेजारी कुणाची पोल्ट्री असेल तर त्यांच्याकडं ब्रूडरचा दिवा असतो, दोन आठवड्यांसाठी मागून आणा, देतात लोक. नुसतं पिल्लांकडं बघूनही कळतं. सगळी एकमेकांवर चढून रडत असतील तर थंडी आहे. लांब-लांब पसरून तोंड उघडून पडली असतील तर उष्णता जास्त झाली. सैल ढीग करून गप झोपली असतील तर बरोबर आहे. झोपेत त्यांचे पाय, कान, तोंड झटके दिल्यासारखे हलतात. त्याला फिट समजून घाबरू नका, नवजात पिल्लू असंच झोपतं. तसं न हलता निपचित पडलेलं असेल तेव्हा घाबरायचं.

तुम्ही फोनवर विचारलं होतंत, शेतातली लाईट रात्री असते-नसते, मग काय? २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा मी सहा दिवसांची दोन पिल्लं चपलेच्या खोक्यात घालून विश्रामबागला बहिणीच्या वरच्या मजल्यावर गेले. वीज नव्हतीच. तिच्याकडं गॅस होता आणि माझ्याकडं सलाईनच्या दोन रिकाम्या बाटल्या. हाताला सोसेल इतकं गरम पाणी बाटलीत, बाटली पायमोज्यात, वर सुती कापड, आणि दर दोन तासांनी पाणी बदलायचं. मधल्या वेळात ती दोघं बहिणीच्या वाकळेत माझ्या कुशीत. आठ दिवस असे काढले, दोघं वाचली. बाटली मात्र गार झाली की लगेच काढा. गार बाटली पिल्लाच्या अंगातली ऊब उलट ओढून घेते.

आता दूध. म्हशीचं दूध 'जड' म्हणून आपण पाणी घालतो, आणि इथंच चुकतं. कुत्रीच्या दुधात प्रथिनं सात-आठ टक्के, स्निग्धांश नऊच्या आसपास आणि दुधातली साखर तीन ते चार टक्के असते. गाईच्या दुधात प्रथिनं साडेतीन टक्क्यांच्या आत, साखर मात्र पाचच्या जवळ. म्हशीचं दूध स्निग्धांशात बरं, सात टक्के, पण प्रथिनं चारच आणि साखर पुन्हा पाच. निम्मं पाणी घातलंत की प्रथिनं दोन टक्क्यांवर आली. पोट पाण्यानं भरतं, पिल्लू उपाशीच. आणि पाणी न घालता दिलं तर जास्तीची साखर पचत नाही म्हणून हगवण. शेळीच्या दुधाला आपल्याकडं फार मान आहे, पण हिशेब गाईच्या दुधासारखाच.

म्हणून कुत्र्यांच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर आणा. सांगली-मिरजेत, कराडला, साताऱ्यात पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते, काही मेडिकलवालेही मागवून देतात. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला, आपल्या मनानं घट्ट-पातळ करू नका. ती हातात येईपर्यंत एक-दोन दिवसांची सोय म्हणून मी कपभर गाईच्या दुधात तीन ताज्या अंड्यांचा पिवळा बलक, चमचाभर तेल आणि चिमटीभर मीठ घुसळते आणि गाळून घेते. पांढरा भाग नको. साखर, मध, गूळ नको. फ्रीजमध्ये ठेवून चोवीस तासांच्या आत संपवायचं, लागेल तेवढंच भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं. मनगटावर थेंब टाकला तर गरमही लागू नये, गारही लागू नये.

किती द्यायचं, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. अंदाजानं देऊ नका, वजनावर द्या. पहिल्या आठवड्यात दर शंभर ग्रॅम वजनामागं दिवसाला १५ ते २० मिली. तुमची पिल्लं काट्यावर तीनशे ग्रॅमच्या आसपास भरली होती, म्हणजे दिवसाचे ४५ ते ६० मिली. ते दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, आठ वेळांत वाटलं तर एका वेळी सहा ते आठ मिली. एका वेळी शंभर ग्रॅममागं चार मिलीच्या वर कधीच जाऊ नका, पोटाची पिशवी तेवढीच असते. पहिल्या दिवशी तर थोडं कमीच द्या. अधाशासारखं ओढतंय म्हणून देत राहू नये, त्याला थांबायचं कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात चार तासांवर या, तिसऱ्यात पाच-सहा तासांवर.

पाजताना पिल्लू उताणं धरू नका. माणसाचं बाळ आपण उताणं मांडीवर घेतो, हात आपोआप तसाच वळतो, माझाही वळायचा. पिल्लू पोटावर ठेवायचं, मान किंचित वर, पुढचे पाय टॉवेलच्या गुंडाळीवर. आईच्या पोटाला लागल्यावर जसं असतं अगदी तसं. पुढच्या पायांनी ते तुमचा हात चेपायला लागेल. कमी दिवसांच्या बाळाची लहान बाटली मिळाली तर उत्तम. बाटली उलटी केल्यावर दूध धारेनं नाही, थेंबानं पडलं पाहिजे. बाटली नसेल तर बिनसुईची पाच मिलीची सिरिंज, टोकाला लहान निपल. दट्ट्या तुम्ही दाबायचा नाही, ते ओढेल तशी फक्त साथ द्यायची. नाकाशी बुडबुडा दिसला की लगेच थांबा, तोंड खाली करून नाक पुसा आणि ती वेळ सोडून द्या. पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन पाठ थोपटा. ढेकर त्यांनाही येते.

आणि जे कुणालाच माहीत नसतं, ज्यावाचून चांगली पाजलेली पिल्लंही जातात, ते आता. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हाच होते. म्हणून प्रत्येक वेळी पाजण्याआधी आणि नंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसानं पोटाखाली आणि शेपटीखाली हळू-हळू पुसत राहा, मिनिटभर. लघवी दर वेळी व्हायला हवी आणि ती पाण्यासारखी फिकट दिसायला हवी. पिवळीजर्द झाली तर पाणी कमी पडतंय. मोठ्या जनावरासारखी कातडी चिमटीत धरून पाहण्यानं इतक्या लहान पिल्लाचं काही कळत नाही. त्यापेक्षा हिरड्या बघा, ओल्या आणि गुलाबी हव्यात. शी मोहरीच्या चटणीसारखी पिवळी, मऊ, आकार धरणारी असली की सगळं ठीक. पातळ झाली तर आधी दुधाचं प्रमाण कमी करा आणि दुपारपर्यंत थांबली नाही तर दवाखाना. इतक्या लहान जिवाच्या अंगातलं पाणी एका दिवसात संपतं. तुमच्या दोघांना म्हशीचं दूध बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी आराम पडला.

रोज एकाच वेळी वजन करा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. वही घाला. रोज पाच ते दहा टक्के वाढलं पाहिजे, तीनशे ग्रॅमचं पिल्लू पंधरा ते तीस ग्रॅमनी. आठव्या ते दहाव्या दिवशी जन्माच्या वेळचं वजन दुप्पट व्हावं. एक दिवस वाढलं नाही तर मी सावध होते, घटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं जाते. पिल्लू रडायला लागण्याच्या आधी काटा सांगतो. ओळखीसाठी गळ्यात दोरा बांधू नका, वाढत्या मानेला कधी आवळेल कळत नाही. मी एकेका पायाच्या नखाला नेलपॉलिशचा ठिपका लावते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण शेतकऱ्याच्या घरात आहात म्हणून सांगते. पिसवा किंवा गोचीड दिसले तर जनावरांचं गोचिडाचं औषध या पिल्लांना लावू नका, पावडरही नको. बारीक फणीनं काढा. आंघोळ नको. आणि तुमचा लेक लहान आहे, त्यानं पिल्लांना हात लावला की साबणानं हात धुवायची सवय लावा. तुमची कुत्री अपघातानं गेली हे नक्की होतं. पण ज्यांच्याकडची कुत्री मरण्याआधी पिसाळल्यासारखी वागत होती, लाळ गाळत होती, त्यांनी पिल्लं हाताळण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे, आणि हाताळली असतील तर स्वतःच्या रेबीजच्या इंजेक्शनांसाठी त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल, तर एक सोपी वाट आधी चाचपून बघा. आसपास नुकतीच व्यालेली दुसरी कुत्री आहे का? दोन-तीनच पिल्लं असलेली, शांत स्वभावाची, माणसाळलेली? तिच्या पिल्लांच्या अंगावरून फिरवलेलं फडकं या पोरक्या पिल्लांच्या अंगावर घासा आणि कुत्री खायला उठली असताना त्यांना एकेक करून तिच्या ढिगात ठेवा. पहिले काही तास तिथून हलू नका. चाटायला लागली की जिंकलात. तिच्याइतकं चांगलं आपल्याला काहीच जमत नाही.

कुत्री आमच्या गोठ्यामागं व्याली आहे. तीन तास झाले, ती दिसत नाही. सासूबाई म्हणतात, माणसानं हात लावला की आई पिल्लांना जवळ घेत नाही. पिल्लं घरात आणू का?
(कोरेगाव तालुक्यातून)

थांबा, आणू नका. लांबून, तिला दिसणार नाही असं उभं राहून बघा. पिल्लं गप झोपली आहेत, पोटं गोल आहेत, अंग ऊबदार आहे, तर आई येऊन-जाऊन आहे. तिलाही पोट भरायला जावं लागतं. पोरकी समजून उचललेली कितीतरी पिल्लं पोरकी नसतात, आपणच त्यांना तसं करतो, आणि मग फुटायला आलेल्या सडांनी ती कुत्री दोन दिवस गल्लीत रडत फिरते. मी हे पाहिलंय, म्हणून जरा जोरानं लिहिते. पिल्लं गार पडली असतील आणि सतत ओरडत असतील तर मात्र वाट पाहत बसू नका, वर लिहिल्याप्रमाणं ऊब द्या, आणि आई आली तर परत तिच्याजवळ ठेवा. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. कुत्री माणसाच्या वासानं पिल्लं टाकत नाही. फार गर्दी झाली, मुलं सारखी वाकून बघायला लागली, तर ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडं हलवते, त्यावरून तो समज झाला असावा. तिला भाकरी-कालवण, पाणी तिथंच आडोशाला ठेवत जा, म्हणजे तिचं लांब जाणं कमी होईल.

आमचं घर जैन आहे, स्वयंपाकघरात अंडं येत नाही. गेटपाशी टाकलेलं तीन आठवड्यांचं पिल्लू आम्ही ठेवून घेतलंय. आमच्या घरात ते वाढेल का?
(सांगली)

वाढेल. या वयाला तुम्हाला अंड्याची गरज नाही. पिल्लांची दुधाची पावडर मुख्यतः दुधापासूनच केलेली असते, डब्यावरचे घटक वाचून घ्या. तीन आठवड्यांचं झालं की ताटलीत चाटायला शिकवा. आधी नुसतं तेच दूध पसरट ताटलीत, मग त्यात मऊ कुस्करलेलं पनीर, घट्ट दही, वरण-भात. दह्या-पनीरात दुधातली साखर कमी असल्यानं पोट बिघडत नाही. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट मात्र त्याच्या जवळपासही नको. सांगलीत प्रत्येक घरात बेदाणा असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. बेदाण्यानं कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात, लहान मुलं प्रेमानं भरवतात.

पण खरं सांगते, वाढत्या पिल्लाला निव्वळ घरच्या शाकाहारावर सगळं पुरवणं अवघड आहे आणि दूध-चपातीवर तर ते वाढतच नाही. पाय वाकतात, केस झडतात. चौथ्या आठवड्यापासून पिल्लांचं तयार खाद्य कोमट पाण्यात भिजवून द्या. ते घरात नको असेल तर व्हरांड्यात वेगळी ताटली ठेवा. तुमच्यासारख्या दोन घरांत मी हे जमलेलं पाहिलंय, कुणाचा नेम मोडला नाही. तेही नको असेल तर डॉक्टरांकडून खाण्या-पिण्याचा, कॅल्शियमचा हिशेब लिहून घ्या, मनानं गोळ्या-पावडरी घालू नका.

दोघंही नोकरी करतो. पिल्लं दहा दिवसांची आहेत. दिवसा चार-पाच तास कुणी नसतं. आणि जंताचं औषध, लस कधी?
(सातारा शहर)

दहा दिवसांच्या पिल्लाला चार तासांचं अंतर चालतं, पाच ओढून-ताणून. दुपारच्या एका वेळेसाठी शेजारी, कॉलेजचं पोर, कुणीतरी शिकवून ठेवा, आणि पहिले दोन दिवस त्यांना तुमच्यासमोर पाजायला लावा. रात्रीची वेळ दोघांनी वाटून घ्या. एकच माणूस रोज जागला की पाचव्या दिवशी हात चुकतो.

जंताचं औषध दोन आठवडे पूर्ण झाल्यावर, मग दर पंधरा दिवसांनी दोन महिन्यांपर्यंत. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, त्यामुळं 'बाहेर गेलंच नाही, जंत कुठून' हा विचार नको. डोस वजनावर असतो, डॉक्टरांकडूनच घ्या. लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू होते, रेबीजची तीन महिन्यांनी. जन्मल्यावर पहिल्या चोवीस तासांत आईचा चीक मिळाला नसेल तर त्याच्या अंगात रोगाशी लढायची शिदोरी नाही. लस पूर्ण होईपर्यंत बाहेरच्या कुत्र्यांपासून आणि बाहेरच्या चपलांपासून जपा. डोळे तुमच्याकडं दोन-चार दिवसांतच उघडतील, दहाव्या ते चौदाव्या दिवसात. ओढून उघडू नका. मिटलेल्या पापणीखाली सूज किंवा पू दिसला तर मात्र लगेच दाखवा. खंडाळा-शिरवळ बाजूच्या वाचकांना शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल.

पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत कुणालाही देऊ नका, कितीही मागणी आली तरी. चावायचं किती आणि थांबायचं कधी, हे भावंडंच एकमेकांना शिकवतात.

अकरा रात्री जागून काढल्या. काल पहाटे तिघांतलं धाकटं गेलं. आदल्या रात्री नीट प्यायलं होतं. माझं काय चुकलं?
(वाई)

बाळा, पत्रात तू वजनांची वही जोडली आहेस, ती मी दोनदा वाचली. ऊब बरोबर, दूध बरोबर, वेळा बरोबर. धाकटं आठव्या दिवसापासून वाढलं नव्हतं आणि तू त्याला नवव्या दिवशी डॉक्टरांकडं नेलंस. यात तुझी चूक मला दिसत नाही. काही पिल्लं आतूनच काही कमी घेऊन येतात, आईजवळ असती तरी गेली असती. वॉर्डातही अशी बाळं यायची आणि आम्ही सहा-सहा जणी भोवती उभ्या असायचो.

रडायचं तेवढं रड. पण त्याआधी दोन कामं आहेत. पुरलं नसशील तर खड्डा दोन-अडीच फूट खोल घे, वर दगड ठेव. खोकं आणि कापडं जाळून टाक, नवीन घाल. आणि उरलेल्या दोघांना आजच दवाखान्यात घेऊन जा, धाकट्याचं सगळं सांग, वही दाखव. मोठ्याचं वजन कालच्या ओळीत चारच ग्रॅम वाढलेलं दिसतंय.